एका टायमाले एकच

मॅडम कॉम्प्युटरला 'अहो' म्हणायच्या. माणसांशी त्या सरळ वऱ्हाडीत बोलायच्या, समोर तालुक्याचा साहेब असो की कापसाचा व्यापारी. पण कॅबिनेटचं झाकण उघडलं की त्यांची भाषा एकदम पुस्तकी व्हायची. "अहो, आज आपण का रुसलात? जरा पंखा फिरवून दाखवता का?" नवीन गिऱ्हाईक दचकून माझ्याकडे पाहायचं. मी नुसती मान हलवायचे. म्हणजे काही नाही, बसा तुम्ही.

एकदा मी विचारलंच, "मॅडम, मशीनशी असं काऊन बोलता?"

"माणूस अर्ध्या शब्दात समजून घेते," त्या म्हणाल्या. "मशीन घेत नाई. त्याच्याशी नीटच बोला लागते."

आमचं दुकान सिंदीला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. 'आमचं' म्हणते, पण दुकान मॅडमचंच. मी सहा वर्षं तिथं कामाला होते. पस्तिशी गाठलेली, दोन लेकरांची आई, कॉम्प्युटरचा एक कोर्स केलेली आणि त्या कोर्सचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकमध्ये घालून फिरणारी अशी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सर्टिफिकेट उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे ठीक हाय. तुले प्रश्न विचारता येते का?" मला तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थही कळला नव्हता.

त्या मूळच्या टायपिंगवाल्या. पंचवीस वर्षं त्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. सिंदीतले आणि आसपासच्या गावांतले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेले. बोटांवर फडकं टाकून, बटणं न पाहता टाइप करायला लावायच्या. पुढं टायपिंगच्या परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या आणि इन्स्टिट्यूट ओस पडली. त्या वेळी त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला, घरात जमिनीवर चादर अंथरली आणि त्याचा एकेक भाग सुटा केला. प्रत्येक भागाचं चित्र काढलं, तो कुठून निघाला ते लिहिलं. जोडायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी तो सुरू झाला. त्यांचं शिक्षण ते एवढंच. मला मात्र माझं सर्टिफिकेट त्यानंतर कधी कोणाला दाखवावंसं वाटलं नाही.

दुकानात एक शब्द बंद होता: 'बिघडला'. "बिघडला म्हंजे का? काय दिसलं थे सांगा." एक धान्याचे व्यापारी यावरून चिडून निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन परत आले. तिच्यावर लिहिलं होतं: 'आधी पडदा निळा झाला. मग काळा झाला. मग माझं डोकं फिरलं.' मॅडमनी तिन्ही गोष्टी वहीत उतरवल्या. हसल्या नाहीत. शेटजींनाच हसू आलं.

ही वही म्हणजे मोठी हिरव्या पुठ्ठ्याची होती. कोणाच्या मशीनला काय झालं, ते त्या माणसाच्या शब्दांत लिहायचं. आपण कोणता पार्ट कधी बसवला, तेही लिहायचं. बसवलेल्या पार्टच्या स्क्रूवर मॅडम लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायच्या. स्वतः आयुष्यात कधी नेलपॉलिश लावली नाही, पण बाटली कायम ड्रॉवरमध्ये. ठिपका तुटलेला दिसला की समजायचं, आपल्यामागं कोणीतरी हात घातला आहे. आणि ते दिसलं की मॅडमचा चेहरा असा व्हायचा, जणू कोणी न विचारता त्यांच्या स्वयंपाकघरातले डबे हलवले.

पण त्यांचा खरा नियम वेगळा होता. तो मला पहिल्याच महिन्यात कळला. एक कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. मी रॅम बदलली आणि त्याच दमात आतली एक केबलही बदलली. मशीन सुरू! मी आनंदानं ओरडले. मॅडम दाराशी चहा पीत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "काऊन सुरू झालं?"

"रॅम खराब असन. नाई तं केबल."

"दोन्ही काढ. जुनंच लाव. बंद पाड."

चालू झालेलं मशीन मला पुन्हा बंद पाडायला लावलं. मग एकेक करून बदलायला लावलं. रॅम चांगली होती, केबल तुटली होती. चांगली रॅम मी टोपलीत फेकायला निघाले होते. "एका टायमाले एकच गोष्ट बदलाची," त्या म्हणाल्या. "दोन बदलल्या तं मशीन सुरू होते, पण आपण तसेच राह्यतो."

त्यांनी मला शाबासकी कधी दिली नाही. वाईट दिवशी "हूं" म्हणायच्या, चांगल्या दिवशीही "हूं"च. सहा वर्षांत मी त्या दोन हुंकारांतला फरक ओळखायला शिकले, इतकंच.

आता ड्रायव्हरकाकांचं सांगते. त्यांच्यामुळंच मला मॅडम पूर्ण कळल्या.

काका एसटीत ड्रायव्हर होते. वर्धा, हिंगणघाट, समुद्रपूर, पार वर आष्टीपर्यंतचे रस्ते त्यांनी सव्वीस वर्षं चालवले. एकदाही गाडी कोणाला घासली नाही, हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत, काकू सांगायच्या. मग साखरेच्या आजारात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नोकरी गेली. माणूस खिडकीशी बसून राहू लागला. रस्त्यावरून बस गेली की नुसत्या आवाजावरून सांगायचा, "क्लच घसरते इचा," आणि पुन्हा गप्प.

पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीनं तेव्हा एक गोष्ट केली. तिनं वडिलांना कॉम्प्युटर पाठवला, त्याला जोडायचं स्टेअरिंग पाठवलं आणि बस चालवायचा एक गेम घालून दिला. परदेशातले रस्ते, पूल, बोगदे, खरे वाटावेत असे. पायाखालचे पेडल डाव्या पायानं दाबता येतील असे फिरवून बसवले. गेम नीट चालायला ग्राफिक्स कार्ड लागतं, म्हणून वर्षभरानं तिनं तेही पाठवलं. त्या कार्डाला वीज जास्त लागते. जुना वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला आम्ही एसएमपीएस म्हणतो, त्याला पुरणारा नव्हता. तो मॅडमनी बदलून मोठा बसवला.

त्या वेळी मी काकांना चालवताना पाहिलं होतं. माणूस गेम खेळायला बसण्याआधी खाकी शर्ट घालायचा. तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकून यायचा, कारण ड्यूटीवर खर्रा नाही. मागं दिवाणावर काकू डाळ निवडत बसायच्या. काका म्हणायचे, "दे डबल." काकू कंडक्टरच्या घंटीसारखं चमच्यानं स्टीलच्या ताटलीवर दोनदा टण्-टण् वाजवायच्या, आणि बस परदेशातल्या कुठल्यातरी स्टँडवरून निघायची.

एका उन्हाळ्यात, मे महिन्यात, काकू दुकानात आल्या. उन्हात चालत आलेल्या, पदरानं तोंड पुसत.

"मॅडम, दोन महिन्यापासून याइची गाडी मधातच बंद पडते. आन् आता हे बसतच नाई चालवाले. चार दिवस झाले, पुन्हा खिडकीपाशी बसून राह्यले."

मॅडमनी वही उघडली. "बंद पडते म्हंजे काय दिसते, वहिनी?"

"पडदा काळा होते. मंग आपोआप पुन्हा सुरू होते, पयल्यापासून."

"कधी?"

"गावात शिरलं का."

"कोणत्या गावात?"

"थ्या गेममधल्या. मोकळ्या रस्त्यावर काई होत नाई. मोठ्या गावात शिरलं, गर्दी लागली, का बंद."

"आन् तुमी कीर्तन लावता त्याच्यावर, तवा?"

"तवा तीन तीन घंटे चालते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ही माहिती सोन्याची होती. कीर्तनाला मशीनला फारसं काम नसतं. गेममध्ये गर्दीचं गाव आलं की सगळ्यात जास्त काम पडतं. म्हणजे मशीन भार पडला की मान टाकत होतं. काकूंनी हेही सांगितलं की जावई आले होते तेव्हा शहरातल्या एका दुकानात नेलं होतं. तिथं दोनदा सगळं पुसून नव्यानं भरलं, रॅम बदलली. फरक शून्य.

मशीन दुकानात आणून उघडलं, तर आत रुई! काकांचं घर जिनिंगच्या आवाराला लागून. कापसाचं बारीक तूस दोन वर्षं आत ओढलं गेलं होतं आणि पंख्याखालच्या जाळीत त्याची गादी झाली होती. "अहो, आपण तर पांघरूण घेऊन बसलात," मॅडम मशीनला म्हणाल्या. आम्ही ते साफ केलं, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट काढून नवी लावली. मी गेम सुरू करून तासभर बस चालवली. आतलं तापमान पहिल्यापेक्षा पुष्कळ खाली. मशीन एकदाही बंद पडलं नाही. मी स्वतः काकांच्या घरी नेऊन जोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी काकू परत आल्या. पुन्हा तेच. गावात शिरलं की बंद.

मला रडू यायचं बाकी होतं. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "तू तासभर चालवली थे कोठी चालवली?"

"हायवेवर."

"गावात काऊन नाई शिरली?"

खरं सांगायचं तर मला वळण घेताच येत नव्हतं. मी तासभर सरळ चालवत राहिले होते. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चाल. आता गाडी तिच्या ड्रायव्हरच्या हातानंच तपासू."

म्हणून आम्ही काकांच्याच घरी गेलो. मॅडमनी बॅगेत मीटर, दुकानातलं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड, रॅम, वही, असं सगळं घेतलं. काका खिडकीशी होते. वळलेसुद्धा नाहीत.

"भाऊ, गाडी तपासाची हाय. तुमी चालवा लागन."

"मशीनले काई नाई झालं, मॅडम," काका खिडकीबाहेरच पाहत बोलले. "सव्वीस वर्ष गाडी रस्त्यात उभी नाई राह्यली माही. आता माह्या हातातच राम नाई. पोरीनं उगाच खर्च केला."

तेव्हा मला कळलं की हा माणूस गेम बंद पडल्याचं दुःख करत नव्हता. पाय गेला तेव्हाही त्यानं स्वतःला ड्रायव्हरच समजलं होतं. आता ते संपत होतं.

मॅडम त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "भाऊ, तुमच्या हातात राम हाय का नाई थे मले मालूम नाई. मले मशीन तपासता येते. तुमी चालवलं नाई तं मी काय तपासू?"

काकांनी काकूंकडे खाकी शर्ट मागितला.

ज्या गावात बस बंद पडायची तिथं पोचायला निघाल्यापासून अर्धा तास लागायचा. म्हणजे एक गोष्ट बदलायची, अर्धा तास बस चालवायची, बंद पडते का पाहायची. मॅडमनी आधी कूलर बंद करायला लावला. कूलरची मोटर त्याच बोर्डावर होती, तिचा झटका मशीनला बसतो का ते पाहायचं होतं. मे महिन्यातली वर्ध्याकडची दुपार. आम्ही चौघं घामानं भिजलो. गाव आलं. पडदा काळा. कूलरचा दोष नाही. मॅडमनी वहीत लिहिलं.

मग भिंतीतल्या प्लगला मीटर लावून बसल्या. वीज नीट येत होती. पडदा काळा. मग ग्राफिक्स कार्ड बदललं. पडदा काळा. दुसऱ्या दिवशी रॅम एकेक काढून. दोन्ही वेळा पडदा काळा. प्रत्येक वेळी काकू ताटलीवर डबल द्यायच्या, प्रत्येक वेळी काका जीव ओतून चालवायचे, आणि त्या गावाची पाटी दिसली की आम्ही सगळे पडद्याकडे झुकायचो. सहाव्या वेळी गाव समोर आलं आणि काकांनी स्टेअरिंगवरून दोन्ही हात काढून घेतले. "मी नाई जात आता," म्हणाले. बस रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मला सकाळपासून एक गोष्ट म्हणायची होती. धीर होत नव्हता. आता हळूच म्हटलं, "मॅडम, एसएमपीएस राह्यला."

"थो मी बसवला हाय," मॅडम ताडकन म्हणाल्या.

डब्याच्या चारही स्क्रूंवर लाल ठिपके जसेच्या तसे होते. मॅडम त्या ठिपक्यांकडे पाहत राहिल्या. मग उठल्या, मोरीवर जाऊन हात धुतले, माठातलं पाणी प्यायल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"खरं सांगजो. दुसऱ्या कोणी बसवला असता तं मी थो कधी बदलला असता?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पयल्या दिवशी."

"हूं," मॅडम म्हणाल्या. हा हुंकार मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्यांनी खाली बसून आपल्याच नखानं ते चार ठिपके खरवडले.

तोवर काकू पाणी घेऊन आल्या होत्या. आम्ही कोणता डबा काढतो आहोत ते पाहून सहज म्हणाल्या, "शहरातल्या दुकानातला पोरगा हाच बदला म्हणत होता. जावयाले फोनवर म्या सांगतलं, त्याले हात लावू देऊ नका. थो आमच्या मॅडमनं बसवला."

मॅडमचा हात थांबला. मग त्यांनी मला बॅगेसकट दुकानात पाठवलं, आमच्या स्वतःच्या मशीनमधला जुना, खात्रीचा एसएमपीएस काढून आणायला लावला. तेवढा एकच बदलला. बाकी सगळं जागच्या जागी.

"भाऊ, एक डाव आणखी."

काका तयार होईनात. काकूंनी कोणाला न विचारता ताटली उचलली आणि डबल दिली. सवय फार मोठी असते. घंटी ऐकताच त्या माणसाचे हात आपोआप स्टेअरिंगवर गेले.

अर्धा तास बस धावत राहिली. पूल गेला, बोगदा गेला. गावाची पाटी आली. काकांनी वेग कमी केला. समोर गाड्या, सिग्नल, माणसं, झाडं, दुकानं. पहिला चौक गेला. इथं बंद पडायची. दुसरा चौक गेला. काकांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला त्यांनी हात काढला नाही. बस स्टँडमध्ये शिरली, फलाटाला बरोबर लागली, दारं उघडली. माणसं उतरू लागली.

काकांनी हँडब्रेक ओढला. "गाडी नीट हाय, मॅडम," ते म्हणाले. मग आवाज फुटला. "मी बी नीट हाय."

काकू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. काकांनी तिथून परतीची फेरी घेतली, मग आणखी एक. तीन तास चालवली. मशीन एकदाही थांबलं नाही.

मॅडम मात्र आनंदात नव्हत्या. काढलेला डबा त्यांनी एका हातात धरला आणि आमच्या जुन्याला दुसऱ्या हातात. दुप्पट ताकदीचा म्हणून वर छापलेला तो डबा वजनाला निम्मासुद्धा नव्हता. दुकानात नेऊन उघडला. आत अर्ध्या जागा रिकाम्या. ज्या वस्तू असायला हव्यात त्या नव्हत्याच, नुसती लेबलं मोठी. वर्षभर कसाबसा तग धरला आणि मग भार आला की मान टाकू लागला. माल खोटा होता.

काकांच्या घरून निघण्याआधीच मॅडम काकांपुढं हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. "भाऊ, गाडी बरोबर होती. ड्रायव्हर बी बरोबर होता. चूक माही होती. मले माफ करजा."

काका गडबडले. "अवं मॅडम, डबा काई तुमी बनवला का?"

"बसवला तं मीच ना! आन् माह्या भरवशावर तुमी दोन महिने सोताले दोष देत राह्यले."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात आले तर टायपिंग इन्स्टिट्यूटचा जुना काळा फळा बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेला. पूर्वी त्याच्यावर परीक्षेचे निकाल लिहायच्या. आता मॅडमच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'या दुकानातून गेल्या दोन वर्षांत बसवलेले काळ्या डब्याचे एसएमपीएस खोटे निघाले आहेत. न तपासता मी ते बसवले. चूक माझी आहे. मी घरी येऊन बदलून देईन.' खाली स्वतःची सही.

माझा संताप झाला. "मॅडम, माल ज्यानं देल्ला त्यानं फसवलं. थे लिवा ना! असं लिवलं तं लोक येतीन का?"

"त्याची चूक थो लिवन. हा फळा माहा हाय."

"आन् गुपचूप बदलून देले तं?"

"गुपचूप देलं तं लोकायले वाटन, मॅडमनं उपकार केले."



मी म्हटलं तसंच झालं. फळ्याचे फोटो मोबाइलवर फिरले. दुसऱ्या एका दुकानदारानं चौकात हसून सांगितलं, आता बाईचं वय झालं. पावसाळाभर दुकानात शुकशुकाट होता. माझ्या नवऱ्यानं घरी दोनदा विचारलं, दुसरीकडं पाहायचं का. मी नाही म्हटलं. का, ते त्याला मला नीट सांगता आलं नाही.

गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मॅडमना वेळ होता. वहीत पाहून त्यांनी सगळी नावं काढली. एकोणीस मशीन. लोक आपणहून आले ते थोडे, बाकीच्यांकडे आम्ही गेलो. कधी त्यांच्या स्कूटीवर, कधी एसटीनं. बहुतेकांची मशीन व्यवस्थित चालू होती. त्यांना पटवणं सगळ्यात अवघड.

शेवटचं मशीन समुद्रपूरच्या पुढच्या एका खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी होतं. तोवर डिसेंबर उजाडला होता. त्या घरची सून कॉम्प्युटरवर गावातल्या लोकांचे फॉर्म भरून द्यायची. तिचे सासरे ओसरीवर बसले होते. आमचं येण्याचं कारण ऐकून म्हणाले, "पण थे तं मस्त चालून राह्यलं, बाई! चालत्या गाडीले काऊन हात लावता?"

"चालते थे दिसते, भाऊ. कवा थांबन थे दिसत नाई. तुमच्या सुनेच्या हातात कोणाचा फॉर्म असन तवा थांबलं तं?"

"नाई थांबत."

"थांबन."

"दोन वर्ष नाई थांबलं."

अर्धा तास हे चाललं. म्हातारा हटेना, मॅडमही हटेनात. शेवटी सूनच पुढं आली आणि म्हणाली, "मामाजी, एवढ्या लांबून आल्या, सोताची चूक सांगून राह्यल्या. असं कोणी येते का? करू द्या." म्हाताऱ्यानं मॅडमकडे नीट पाहिलं, आणि मग स्वतः उठून मशीनचं टेबल भिंतीपासून ओढून दिलं. काम झाल्यावर त्यांनी आम्हाला उकडलेल्या तुरीच्या शेंगांची एवढी मोठी पिशवी दिली, की ती घेताना मॅडमना मी पहिल्यांदाच संकोचलेलं पाहिलं.

परतीच्या बसमध्ये मॅडम खिडकीशी बसल्या आणि पाच मिनिटांत त्यांची मान कलली. एकोणीस झाली होती. मांडीवर काढलेला खोटा डबा, पायाशी अवजारांची बॅग. केसांत ओसरीतल्या जळमटाचा एक धागा अडकलेला. मी तो काढला नाही, जाग येईल म्हणून.

माझ्या दुसऱ्या बाजूला एक म्हातारी बसली होती. बराच वेळ आमच्याकडे पाहत होती. शेवटी न राहवून विचारलं, "माय हाय का तुही?"

"नाई."

"सासू?"

"थे बी नाई."

"मंग कोण लागते?"

एरवी मी सांगायचे, जिथं कामाला आहे तिथल्या मालकीण आहेत. नवऱ्याच्या नातेवाइकांना असंच सांगितलं होतं. बाजारात भेटणाऱ्या ओळखीच्यांनाही. त्या दिवशी ते शब्द तोंडात आलेच नाहीत.

"ह्या माह्या मॅडम हायत," मी म्हटलं, आणि सांगायला लागले. काकांची बस, गावाची पाटी, कूलर बंद करून बसलेले आम्ही, चार लाल ठिपके, भिंतीला टेकवलेला फळा, आज बदललेलं एकोणिसावं मशीन. म्हातारीला एसएमपीएस म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नसावं, पण ती "हो माय? हो माय?" करत ऐकत राहिली. पुढच्या सीटवरचे दोघं मागं वळले. कंडक्टर तिकिटं सोडून दांड्याला धरून उभा राहिला. फळ्यावरचा मजकूर मी अक्षर न् अक्षर म्हणून दाखवला, खालच्या सहीसकट.

डोळे न उघडता मॅडम म्हणाल्या, "आवाज कमी कर."

मी केला नाही.